चव्वेचाळीस पौंड आणि एक परात

माणूस जन्मला की त्याचं वजन करतात, आणि मेला की चार जण तेच खांद्यावर अंदाजाने करतात. मधली साठ-सत्तर वर्षं मात्र आपलं वजन नेमकं किती आहे, हे त्याला कोणी विचारत नाही. मानवजातीची ही उपेक्षा थांबावी म्हणून विमानाचा शोध लागला. विमान उडण्यासाठी असतं, असा अडाणी लोकांचा समज आहे. उडतं ते, नाही असं नाही. कावळेही उडतात, पण कावळ्यांना उडण्याआधी वाचायला चौतीस कलमांचं पुस्तक कोणी देत नाही.

पनवेलला हे पुस्तक १९५६ सालच्या एप्रिल महिन्यात पोचलं. ते आलं होतं झिल्पाबाई आपटेकरांच्या नावाने, सोबत विमानाचं तिकीट. झिल्पाबाई बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातल्या यहुदी. अंगावर नऊवारी, भातावर सोलकढी, बोलणं तुमच्या-आमच्यासारखं, फक्त शनिवारी चूल पेटवायची नाही. नवरा जोशुआ लष्करी इस्पितळात कंपाउंडर होता, तो अठरा वर्षांमागे वारला. एकुलता एक मुलगा सॅम सहा वर्षांपूर्वी इस्राएलला गेला, तिकडेच त्याने दिना नावाच्या ठाण्याच्या मुलीशी लग्न केलं, आणि आता दिनाला दिवस गेले होते. जूनच्या अखेरीला बाळंतपण होतं. "आई, आता तू येच," असं सॅमने लिहिलं होतं.

पुस्तक इंग्रजीत होतं, म्हणून झिल्पाबाई ते घेऊन शेजारी कमळाकर गुप्त्यांकडे गेल्या. कमळाकरराव मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. एकतीस वर्षं त्यांनी नियमांची सेवा केली होती. माणसांची करायची राहून गेली, पण तो त्यांच्या खात्याचा विषय नव्हता. निवृत्तीनंतर दोन वर्षं वाचायला नवा नियम नसल्यामुळे त्यांची भूक मंदावली होती. पुस्तक हातात पडलं आणि त्या रात्री ते तीन पोळ्या जास्त जेवले.

"काय लेखणी आहे हो!" ते बायकोला, चंद्रावतीबाईंना म्हणाले. "कलम नऊ ऐक. उंचावर शाई गळते, सबब प्रवाशांनी फाउंटन पेन रिकामं करून आणावं. आणि कलम सतरा: विमानात मिळणारा फॉर्म प्रत्येकाने शाईनेच भरावा, पेन्सिल चालणार नाही."

"मग लिहायचं कशाने? काजळाने?" चंद्रावतीबाई म्हणाल्या.

कमळाकररावांनी पान उलटलं. नियमाकडे उपयोगाच्या दृष्टीने पाहणारी माणसं संसाराला बरी असतात, पण त्यांना सौंदर्यदृष्टी नसते. पुस्तकात सौंदर्याची खाण होती. कलम अकरा: कानांत बसवण्यासाठी कंपनी कापूस देईल, तो घट्ट बसवावा, आणि कलम बारा: त्यानंतर दिल्या जाणाऱ्या सूचना लक्षपूर्वक ऐकाव्यात. कलम चौदाप्रमाणे आगपेटी आणि सुकं खोबरं पेट घेतं म्हणून सामानात नेण्यास सक्त मनाई होती. (विमानात विडी-सिगारेट ओढायची इच्छा झाल्यास हवाई सुंदरी स्वतः येऊन काडी ओढून देईल, असं कलम पंधरात होतं. तिथे खोबरं नसल्यामुळे धोका नव्हता.)

पण पुस्तकाचा प्राण होता कलम चार. प्रत्येक प्रवाशाला चव्वेचाळीस पौंड सामान फुकट, त्यावर एक पौंडही झाला तर जबर आकार. तो आकार ऐकून झिल्पाबाई म्हणाल्या, "एवढ्यात तर मी माणूस विकत घेईन." कंपनी प्रवाशालाही काट्यावर उभं करणार होती, पण त्याच्या वजनाला कसलीही मर्यादा नव्हती. म्हणजे अडीचशे पौंडांचा शेटजी आणि नव्वद पौंडांच्या झिल्पाबाई, दोघांनाही चव्वेचाळीसच पौंड. समतेचं असं उदाहरण नव्या राज्यघटनेतसुद्धा सापडणार नाही.

झिल्पाबाईंनी सामानाची यादी दिली. कपडे, औषधं, नवऱ्याचं प्रार्थनेचं पुस्तक, वीस पौंड जाडे पोहे, आणि एक परात.

परातीबद्दल थोडं सांगायला हवं. बेने इस्राएलांच्या घरी काही शुभ घडलं की मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओला नारळ, साखर, वेलची असं परातीत कालवायचं, वर फळं मांडायची, आणि एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचं नाव घेऊन सगळ्यांनी खायचं. आपटेकरांच्या घरची परात पितळेची, हातभर रुंद, खोलगट, साडेआठ पौंडांची. जोशुआचा मलिदा तीत झाला, सॅमचा झाला, आणि सॅम परदेशी निघाला तेव्हाचाही तीतच झाला. त्याने जाताना ती न्यावी असं झिल्पाबाईंना फार वाटत होतं, पण तेव्हा चव्वेचाळीस पौंड आड आले.

"नातवंडाचा मलिदा या परातीत होईल," झिल्पाबाई म्हणाल्या, "नाहीतर मी जात नाही. तिकीट परत करा."

"वहिनी, परात तिकडेही मिळत असेल की."

"मिळत असेल. जोशुआ तीत जेवलेला नसेल."

यावर कोणतंही कलम लागू होत नव्हतं. कमळाकररावांनी चष्मा पुसला. खरं सांगायचं तर त्यांना झिल्पाबाई जायला नको होत्या. तीस वर्षांची शेजारीण. संध्याकाळी ओट्यावर बसून त्यांचा अपमान करील असं दुसरं माणूस पनवेलीत उरलं नव्हतं. आणि एक जुनी बोच होती. त्रेचाळीस साली झिल्पाबाई नवऱ्याच्या पेन्शनीसाठी कचेरीत आल्या, तेव्हा त्यांच्याकडे हयातीचा दाखला नव्हता. कमळाकररावांनी त्यांना नावाने ओळखलं, "सॅम बरा आहे ना?" अशी चौकशी केली, बसायला स्टूल दिलं, आणि त्या जिवंत असल्याचा पुरावा नाही म्हणून परत पाठवलं. असं तीनदा. दाखला मिळायला दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत मृत झिल्पाबाईंनी शेजारधर्माला जागून दर आठवड्याला त्यांच्याकडे खोबऱ्याच्या वड्या पाठवल्या होत्या, आणि त्यांनी त्या खाल्ल्याही होत्या.

"परात जाईल," कमळाकरराव म्हणाले. "नियमात बसून जाईल."

प्रथम पासपोर्ट. त्यात जन्मतारीख हवी होती. झिल्पाबाईंना एवढंच ठाऊक होतं की त्या प्लेगच्या आधी तीन-चार वर्षं, आंब्याला मोहोर असताना जन्मल्या. कमळाकररावांनी क्षणाचाही विचार न करता लिहिलं, १ जून १८९३. ज्याला तारीख नाही त्याला एक जून, ही कचेरीची आणि शाळामास्तरांची जुनी वहिवाट. खुद्द कमळाकररावांची तारीख एक जून होती, मामलेदारांची होती, दोन्ही शिपायांची होती. दप्तरावरून पाहिलं तर पनवेल तालुक्यातली निम्मी प्रजा एकाच दिवशी जन्माला आलेली आहे. त्या दिवशी सुइणींचे किती हाल झाले असतील याची कल्पनाच करवत नाही; पण एकही तक्रार दप्तरी दाखल नाही.

मग त्यांनी कलम सहा उघडलं. अंगावरचे कपडे वजनात धरले जाणार नाहीत. शिवाय एक ओव्हरकोट, एक छत्री आणि वाटेत वाचण्यापुरती पुस्तकं फुकट. कमळाकररावांनी ते तीनदा वाचलं आणि त्यांना दरदरून घाम फुटला. कंपनी माणसाला अंगावर काय घालायचं ते सांगत नव्हती!

मे महिन्यातल्या पनवेलीत ओव्हरकोट एकच होता, हौशी नाट्यमंडळाच्या पोलीस इन्स्पेक्टरचा. तो मागून आणला. चंद्रावतीबाईंनी आतून त्याला एकोणीस खिसे शिवले आणि प्रत्येकात पोह्यांची पुरचुंडी बसवली. मिटलेल्या छत्रीत दोन पौंड पोहे मावतात, हा शोधही त्यांचाच. (पाऊस आल्यास काय, या शंकेवर कमळाकररावांनी निर्णय दिला की विमान ढगांच्या वर जातं.) प्रार्थनेचं पुस्तक वाचनात गेलं. राहिली परात. ती डोक्यावर ठेवून पाहिली; कलम आड येत नव्हतं, पण झिल्पाबाईंनीच नकार दिला. पाठीला बांधली तर खुर्चीत बसता येईना. शेवटी चंद्रावतीबाईंनी ती पोटावर ठेवली, खोलगट बाजू आत, वरून लुगड्याच्या पट्ट्यांनी आवळली, आणि मधल्या पोकळीत उरलेले पोहे भरले.

"आई गं, गार लागतंय!" झिल्पाबाई ओरडल्या. मग त्या दोघी इतक्या हसल्या की परात दोनदा सुटली.

रंगीत तालीम तुळशीरामच्या भाताच्या गिरणीत झाली. तुळशीराम पनवेलजवळच्या गावचा आगरी, सज्जन माणूस; त्याच्याकडे पोती तोलायचा मोठा काटा होता. झिल्पाबाई साध्या लुगड्यावर काट्यावर चढल्या, तेव्हा एक्क्याण्णव पौंड भरल्या. ओव्हरकोट, परात, एकावर एक तीन लुगडी आणि पोह्यांसकट चढल्या, तेव्हा एकशे सव्वीस.

"वयनी, तुमी आदी अर्धं पोतं होता," तुळशीराम म्हणाला, "आता पाऊण झाल्या. पन वजनात खोट नाय हां."

त्यांना बाजारपेठेतून दोन फेऱ्या मारायला लावल्या. इन्स्पेक्टरचा कोट ओळखून एका दुकानदाराने घाईघाईने साखरेचं पोतं झाकलं. सगळ्यांनी मान्य केलं की पनवेलीतून इतक्या नियमांत बसणारी बाई आजवर बाहेर पडलेली नाही.

निघायच्या दिवशी तुळशीरामने आपली लॉरी काढली. शीळफाटा, ठाणे करत मंडळी दुपारी सांताक्रूझला पोचली. पुढे झिल्पाबाई, मागे पुस्तक काखेत धरून कमळाकरराव, त्यांच्या मागे सामान घेतलेला तुळशीराम. सामान भरलं पावणेचव्वेचाळीस पौंड. कमळाकररावांनी उरलेल्या पाव पौंडाकडे अभिमानाने पाहिलं.

खिडकीत टाय लावलेला एक तरुण कारकून होता. चेहऱ्यावर काहीही नाही, कपाळाला आठीसुद्धा नाही. कमळाकररावांना त्याच्याकडे पाहून गहिवरून आलं. तिसाव्या वर्षी ते स्वतः असेच दिसत होते. रांगेत पुढे एक शेटजी होते. ते काट्यावर चढले तेव्हा काटा कण्हला; कारकुनाने दोनशे छत्तीस लिहिले आणि शुभेच्छा दिल्या. त्यांच्या मागे एक किडकिडीत मास्तर. त्याचं सामान दोन पौंड जास्त. कारकुनाने मान हलवली. मास्तरने पेटीतून एक पाटलोण काढली, घातलेल्या पाटलोणीवर चढवली, वरून एक स्वेटर घातला. सामान चव्वेचाळीस झालं, विमानात जायचं वजन तेवढंच राहिलं, आणि नियमाचं समाधान झालं.

"बघितलंत?" कमळाकरराव कुजबुजले. "शास्त्र आहे हे!"

झिल्पाबाई काट्यावर चढल्या. एकशे सव्वीस. कारकुनाने पासपोर्टमधल्या फोटोकडे पाहिलं. फोटोतली बाई वाळल्या शेवग्याच्या शेंगेसारखी होती. मग त्याने त्यांच्या पोटाकडे पाहिलं, पुस्तक उघडलं आणि विचारलं, "बाईंना कितवा महिना?"

तुळशीरामने हातातलं सामान खाली ठेवलं.

"कलम सत्तावीस," कारकून म्हणाला. "गरोदर स्त्रियांना सातव्या महिन्यापासून डॉक्टरचा दाखला लागतो."

कमळाकररावांनी काखेतलं पुस्तक उघडलं. चौतीस कलमांपैकी सत्तावीस हे एकच त्यांनी लागू नाही म्हणून सोडलं होतं. उभ्या आयुष्यात सोडलेलं ते पहिलं कलम.

"अहो, मी त्रेसष्ट वर्षांची आहे!" झिल्पाबाई म्हणाल्या.

"कलमात वयाचा उल्लेख नाही," कारकून शांतपणे म्हणाला. "माझ्याकडे दोन रकाने आहेत. एक, गरोदर. दुसरा, सामान. गरोदर नसाल तर ते सामान आहे, आणि सामान वजनात धरावं लागेल. कोणत्या रकान्यात लिहू?"

झिल्पाबाईंनी क्षणभर डोळे मिटले. मग कोटाचं वरचं बटण काढायला सुरुवात केली. "भाऊजी, खूप केलंत तुम्ही. परात नाही तर मी नाही. चला घरी. तुळशीराम, उचल बाबा सामान."

आता खोटं कशाला सांगायचं, कमळाकररावांना आनंद झाला. खराखुरा, लाज वाटावी असा आनंद. संध्याकाळी ओटा, समोर झिल्पाबाई, त्यांची बोलणी, सगळं होतं तसं. त्यांनी फक्त गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहण्याचा एकतीस वर्षांचा सराव त्यांच्यापाशी होता. पण बटणं काढताना झिल्पाबाईंचा हात परातीवर थांबला, आणि त्यांनी ती कोटावरूनच हलकेच थोपटली, जणू आत खरंच कोणी होतं. कमळाकररावांना त्रेचाळीस सालचं ते स्टूल आठवलं. त्यावर बसून ही बाई अशीच निमूट उठून गेली होती, तीनदा.

"सहावा," कमळाकरराव म्हणाले.

कारकुनाने मान वर केली. "पूर्ण की चालू?"

"चालू."

"सहाव्याला दाखला लागत नाही." त्याने लिहायला घेतलं. "यजमानांचं नाव?"

"जोशुआ आपटेकर," झिल्पाबाई म्हणाल्या. "वारले. अठरा वर्षं झाली."

कारकुनाचं पेन थांबलं. त्याने पुस्तकाची दोन पानं पुढे उलटली, तीन मागे उलटली. "त्याबद्दल कलम नाही," असं म्हणून कारकुनाने शिक्का मारला.

"आयचा घो!" तुळशीराम म्हणाला आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

तिकीट घ्यायला झिल्पाबाई वाकल्या, आणि परात खिडकीच्या फळीच्या कडेवर आपटली. ठण्ण! मंदिरात घंटा वाजावी तसा आवाज घुमला. शेटजींनी सवयीने हात जोडले. कारकुनाच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही.

"मुलगा आहे," तो म्हणाला. "पुढच्या प्रवाशाने यावं."

निरोप घेताना झिल्पाबाईंचे डोळे भरून आले होते, पण जीभ जागेवर होती. "भाऊजी, मी जिवंत आहे हे पटायला तुम्हाला दोन महिने लागले होते. आज सहा महिने एका झटक्यात पटले!" कमळाकरराव हसले, मग रडले, मग दोन्ही एकदम करायला लागले. एका हवाई सुंदरीने येऊन झिल्पाबाईंचा दंड धरला, त्यांना अलगद जिन्यावरून वर नेलं, पुढची ऐसपैस खुर्ची दिली आणि वाटेत तीन वेळा दूध पाजलं. बाकीच्यांना एकदाच चहा मिळाला.

जुलैत सॅमचं पत्र आलं. मुलगी झाली होती. मलिदा परातीतच झाला, शेजारपाजारचे साठ लोक जेवले, आणि कोटाच्या एकोणिसाव्या खिशातले पोहे अजून शिल्लक होते. (कोट परत न आल्यामुळे नाट्यमंडळाच्या पुढच्या प्रयोगात इन्स्पेक्टरने शाल पांघरून खुन्याला अटक केली. लोकांना तो कीर्तनकार वाटला.) कमळाकररावांनी पत्र चंद्रावतीबाईंना दोनदा वाचून दाखवलं आणि ओट्यावरच्या रिकाम्या जागेकडे बराच वेळ पाहत बसले.

ऑक्टोबरात कंपनीचंही पत्र आलं. आमच्या दप्तराप्रमाणे श्रीमती आपटेकर यांची प्रसूती आता झाली असावी. परतीच्या वेळी अर्भक सोबत असल्यास त्याचं दहा टक्के भाडं पडेल. अर्भकाचं नाव आणि जन्मतारीख कळवावी. कमळाकररावांनी कपाटातून टाक-दौत काढली आणि उलटटपाली कळवलं. नाव: परात. जन्मतारीख: एक जून. कंपनीने आभाराचं कार्ड पाठवलं.

एवढं वाचून तुम्हाला हसू आलं असेल. साहजिक आहे. त्रेसष्ट वर्षांच्या विधवेला सहावा महिना लिहून घेणारा कारकून, आणि परातीची जन्मतारीख मान्य करणारी कंपनी! आपण कागदापेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवणारी शहाणी माणसं. तर मग जरा उठा, आणि ट्रंकेच्या तळातून आपला शाळा सोडल्याचा दाखला काढा. जन्मतारीख वाचा. एक जून ना? आई म्हणत होती, तुझ्या वेळी घरात गौरी बसल्या होत्या. गौरी बसतात भाद्रपदात. पण तुम्ही नोकरीला लागलात, पेन्शनीत निघाल, ते एक जूनच्या हिशेबाने. आईला तुम्ही कधी विचारलं नाहीत. तिच्याकडे काही दाखला नव्हता. ती फक्त त्या वेळी तिथे होती.